बिनभाताची रस्सीखेच

सात माणसं मिळून चारशे पंचावन्न किलो. रस्सीखेचीचा हा नियम पुळिंचोड गावात दहा आज्ञांपेक्षा जास्त पाठ आहे आणि जास्त पाळलाही जातो. सामन्याआधी एकेका गड्याला काट्यावर चढवतात, त्याच्या दंडावर मार्करने आकडा लिहितात, आणि सात दंडांची बेरीज चारशे पंचावन्नच्या वर छटाकभर जरी गेली तरी संघ घरी. मग तुमच्या मनगटात हत्तीचं बळ असो.

त्या वर्षी ओणमच्या सामन्यांसाठी युवभावना क्लबाने रेशन दुकानाच्या काट्यावर आपले गडी चढवून पाहिले, तर बेरीज भरली चारशे एकाहत्तर. सोळा किलो जास्त.  सगळ्यांनी फक्त इट्टूप सरांकडे पाहिलं.

इट्टूपचं वय शेहेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी. अठरा वर्षं रस्सीचं शेवटचं टोक त्याच्याच कमरेभोवती गुंडाळलेलं असायचं. तो संघाचा कप्तान आणि संघाचा नांगर. बाकी वर्षभर तो एका खासगी शिकवणी कॉलेजात पत्र्याखाली भौतिकशास्त्र शिकवी. तिथे नापास झालेली मुलं पुन्हा नापास व्हायच्या तयारीसाठी येत. चहाच्या दुकानात तो शिरला की बाकावर सरकून त्याला जागा देत, ती काही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दल नव्हे. रस्सी गेली तर बाक जाणार, हे इट्टूपला न्यूटनपेक्षा स्वच्छ कळत होतं.

"सर, तुमच्या जागी वेल्डर शिबीला घेतला की चारशे त्रेपन्न," ताडी काढणारा पोन्नप्पन म्हणाला. तो रस्सीवर पहिला असायचा आणि बोलण्यातही. "गणित सोपं आहे."

"इतकं सोपं असतं तर तू दहावीला तीनदा बसला नसतास," इट्टूप म्हणाला. "माणूस काढायचा नाही. सगळ्यांनी मिळून सोळा किलो काढायचे."

"कुठून?"

"ते मी रविवारी सांगतो."

कुठून ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण शनिवारी त्याचा मेहुणा टोजो दोहाहून कायमचा परत आला.

टोजो, म्हणजे इट्टूपच्या बायकोचा, लिल्लीकुट्टीचा, धाकटा भाऊ. जाताना तो जीपच्या मागच्या बाकावर एकटाच मावायचा. आला तो तीस किलो उतरवून. अंगावर कातड्याला चिकटलेला टीशर्ट, चेहऱ्यावर नुकतंच दर्शन घडल्याचं तेज आणि तोंडाला अति पिकलेल्या फणसाचा वास. ते तीस किलो कुठे गेले, हा प्रश्न त्याच्याशी पाच मिनिटं बोललेल्या माणसाला पडत नसे. ते सगळे बोलण्यात आले होते.

लिल्लीकुट्टीने भावासाठी उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि कोकमातली लालभडक मीनकरी वाढली. टोजोने ताटातला कप्पा एका बोटाने असा दूर सारला, जसा कोणी पाल पडलेला घास सारावा.

"हा कंद उचल, चेची. मासा राहू दे."

"का? कडू निघाला?"

"विष आहे ते."

"आपल्या अप्पनने ऐंशी वर्षं खाल्लं हे विष."

"म्हणूनच गेला."

"अप्पन माडावरून पडून गेला, टोजो."

"पण तोल का गेला? साखर चढली असणार."

लिल्लीकुट्टीने कप्पा उचलला आणि मांजरीसमोर नाही, नवऱ्याच्या ताटात टाकला. पण इट्टूपचं ताटाकडे लक्ष नव्हतं. टोजो सांगत होता की त्याने भात, मैदा, कंदमुळं, केळी, साखर हे सगळं सोडलं. नुसतं मांस, मासे, अंडी, खोबरं आणि तूप. या घरात मेहुणे-मेहुणे एकमेकांना अळिया म्हणत. इट्टूपने एकच प्रश्न विचारला.

"अळिया, उतरतं किती दिवसांत?"

"पहिल्याच आठवड्यात तीन किलो, अळिया. कुणाकुणाचे चार."

आता हे तीन-चार किलो म्हणजे मुख्यतः पाणी, स्नायूंत साठलेल्या साखरेला धरून राहिलेलं. आणि माणूस दातओठ खाऊन जोर लावतो तेव्हा आधी तीच साखर जळते. एवढं कळायला भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला हरकत नव्हती, आणि इट्टूपला ते कळलंही. पण पाणी गेलं की चरबी, हा भेद काटा करत नाही. इट्टूपला कर्तव्य होतं काट्याशी.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर क्लबाच्या पत्र्याखाली टोजोचं प्रवचन झालं. इन्सुलिन हा शब्द तो अशा सुरात उच्चारी की चर्चमधला सैतानाचा उच्चार त्यापुढे मायेचा वाटावा.

"भात बंद. कप्पा बंद. पुट्टू, अप्पम, परोटा, केळं, सगळं बंद."

"मग आम्ही काय काटे खायचे?" मासे विकणाऱ्या षुकूरने विचारलं.

"मासे खा ना, षुकूरिक्का. बीफ खा, अंडी खा. सकाळी कॉफीत खोबरेल तेल घालून प्या. आपले पूर्वज गुहेत राहून मांसच खात होते. त्यांच्यात काय ताकद होती."

"माझे पूर्वज मुन्नारच्या चहामळ्यात होते," पोन्नप्पन म्हणाला. "गुहा मिळाली असती तर आनंदाने राहिले असते."

"बिअर?" मागून कोणीतरी विचारलं.

"बंद. जवाची पेज ती."

सभेवर शोककळा पसरली. इट्टूपने डोळे मिटले. त्याला शिबी वेल्डर रस्सीचं टोक कमरेला गुंडाळताना दिसू लागला.

"आणि ब्रँडी?" पोन्नप्पनने अगदी सहज, छपराकडे बघत विचारलं.

टोजो खरा श्रद्धावान होता. खोटं बोलणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. "ब्रँडीत कार्ब्ज नसतात," तो म्हणाला.

"परत सांग."

"शून्य."

ठराव एकमताने मंजूर झाला. इट्टूपने विज्ञानाचे आभार मानले.

कर्किडकम लागला. त्या महिन्यात सगळा मुलूख तांदळाची औषधी कंजी पिऊन प्रकृती सुधारतो. पुळिंचोडचे सात जण बीफ तळून, वर ब्रँडी पिऊन प्रकृती सुधारू लागले. आणि काटा खरोखरच उतरू लागला. पहिल्या आठवड्यात लुंग्या सैल झाल्या. षुकूरची जुनी साखर इतकी खाली आली की डॉक्टरने त्याची एक गोळी कमी केली, आणि षुकूर ती उरलेली गोळी ताबिजासारखी सगळ्यांना दाखवत फिरला. हे खोटं नव्हतं. पूर्ण खोटं असतं तर गाव आठवड्यात शहाणं झालं असतं. अर्ध्या सत्याची मुदत ओणमपर्यंत सहज पुरते.

खरी परीक्षा चर्चच्या मैदानावर. तिथल्या अंजिलीच्या झाडाला कप्पी बांधलेली, कप्पीवरून रस्सी, रस्सीच्या दुसऱ्या टोकाला काँक्रीट भरलेला पिंप. सातांनी पिंप ओढून वर न्यायचा आणि धरून ठेवायचा. किती वेळ? तर मैदानाच्या भिंतीवर बसलेल्या कुंजवराची एक बिडी संपेपर्यंत. हे माप जुनं होतं.

कुंजवरा बाजारातला युनियनचा हमाल. निळा शर्ट, त्र्याऐंशी किलो वजन, आणि मानेऐवजी थेट खांदे. रस्सीच्या शेवटच्या जागेवर त्याचाही डोळा होता. पण ती जागा इट्टूपने अडवलेली, म्हणून दोन वर्षं तो भिंतीवर बसून बिड्या ओढत संघाची सेवा करी. आहार वगैरे त्याला कोणी सांगितला नव्हता. तो संघात नव्हताच.

पहिल्या झटक्यात पिंप पूर्वीसारखाच वर गेला. एका झटक्याला काही कमी नव्हतं. पण धरून ठेवायची वेळ आली आणि बिडी निम्मीही झाली नव्हती, तोच पिंप डुगडुगत खाली आला. दुसऱ्यांदा ओढला, तर कुंजवराला काडी पेटवायलाही वेळ मिळाला नाही.

"सर, मी बिडी आखडती घेऊ का?" भिंतीवरून आवाज आला. "की नुसत्या थोटकावर भागवायचं?"

"बिडी लांब असेल," टोजो म्हणाला.

"बिडी तीच, ओढणारा तोच. तुम्हीच आखडलाय."

"शरीराला सवय होतेय अजून," टोजोने सातांना समजावलं. "साखर जाळायचं विसरून ते चरबी जाळायला शिकतंय. दोन आठवडे."

दोन आठवड्यांनी त्याने आणखी दोन आठवडे मागितले. ते दोन आठवडे स्वर्गाच्या राज्यासारखे होते. नेहमी जवळ आलेले.

इट्टूपचे आठ किलो गेले. पोटाचा नांगर वितळला. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडावी लागली. वर्गात शिकवताना तो मध्येच थांबे आणि खडू हातात धरून फळ्याकडे पाहत राही. पुढचं समीकरण आठवत नसे. मुलांना वाटे, सर विचार करताहेत. गावातल्या पोरी मात्र म्हणू लागल्या की सर तरुण दिसतात, आणि हे ऐकून इट्टूपला रोज संध्याकाळी अंगात ताकद आल्यासारखं वाटे. ती पिंपापर्यंत टिकत नसे.

तिरुओणमच्या दिवशी लिल्लीकुट्टीने केळीच्या पानांवर सद्या, म्हणजे ओणमची मेजवानी, वाढली. अवियल, तोरन, ओलन, पच्चडी, लोणची, पापड, सगळं आपापल्या जागी. मधोमध भाताची जागा तेवढी मोकळी. नवऱ्याच्या आणि भावाच्या पानांवर, मधल्या त्या हिरव्या मैदानात, तिने एक-एक उकडलेलं अंडं ठेवलं.

"इच्चाया, सांबार कशावर ओतू? अंड्यावर?"

"बाजूला ओत."

"बाजूला कालन आहे."

"मग नको ओतूस."

"महाबली वर्षातून एकदा प्रजेला बघायला येतो," ती म्हणाली, "आणि आपल्या घरात येऊन बघेल काय, तर दुष्काळ पडलाय."

टोजो हसला नाही. इट्टूपही हसला नाही. त्याचा सगळा जीव परवाच्या काट्यात अडकला होता.

पेरुवेलीच्या शाळेचं मैदान. तंबू, कर्णे, धूळ, आणि बक्षिसाला खांबाशी बांधलेला बोकड. टेबलामागे परीक्षक, टेबलापुढे काटा. पुळिंचोडचे गडी एकामागून एक चढले. सहा जणांची बेरीज तीनशे बहात्तर. शेवटी इट्टूप. शहात्तर. एकूण चारशे अठ्ठेचाळीस.

सात किलो शिल्लक. इट्टूपने काट्यावर उभ्या उभ्याच क्रूसाची खूण केली. ज्यासाठी दीड महिना भात पाहिला नव्हता ते झालं. त्याची जागा राहिली.

टोजो मात्र टेबलावर वाकून बोटांवर काही मोजत होता. या दीड महिन्यात तो नुसता मेहुणा उरला नव्हता. क्लबाने त्याला प्रशिक्षक करून गळ्यात शिट्टी अडकवली होती.

"अळिया," तो म्हणाला, "सात किलो वाया जाताहेत."

"जाऊ देत."

"आनमुट्टीचा संघ चारशे पंचावन्नवर काठोकाठ आहे. आपण सात किलो कमी घेऊन उभे राहायचं? रस्सीखेचीत वजन म्हणजे—"

"रस्सीखेचीत वजन म्हणजे काय ते तू मला सांगणार?"

"तुमच्या जागी कुंजवरा घेतला, तर तीनशे बहात्तर आणि त्र्याऐंशी." टोजोच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बेरजेच्या सौंदर्याने. "चारशे पंचावन्न. बरोबर. छटाक कमी नाही, छटाक जास्त नाही."

कुंजवरा मागेच उभा होता. निळा शर्ट काढून, लुंगी वर खोचून, दंड पुढे करून. सकाळी त्याने स्टँडवर सहा परोटे खाल्ले होते, हे त्याच्या हनुवटीवरच्या रश्श्यावरून दिसत होतं.

इट्टूपने संघाकडे पाहिलं. पोन्नप्पन बोकडाकडे बघू लागला. षुकूर रस्सीची गाठ तपासू लागला, तिच्यात तपासण्यासारखं काही नसताना.

"सर, आठवं नाव तुमचंच देतो," पोन्नप्पन शेवटी म्हणाला. "कोणी जायबंदी झालं तर तुम्ही आत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इट्टूपने साऱ्या संघाला वाळवून स्वतःसाठी जागा केली होती, आणि ती बरोबर कुंजवराच्या मापाची निघाली.

आठव्या गड्याचा नियम असा की तो बाहेर जाणाऱ्याहून हलका हवा. इट्टूप शहात्तर. रस्सीवरच्या सातांत त्याच्याहून जड एकटा कुंजवरा. म्हणजे इट्टूपला आत जायचं तर सबंध मैदानात एकाच माणसाचं हाड मोडणं भाग होतं. इट्टूप सज्जन माणूस होता. त्याने हाड मोडावं अशी प्रार्थना केली नाही. नुसतं लचकावं, अशी केली.

त्या वर्षी दोनच संघ उतरले होते, म्हणून थेट अंतिम सामना, आनमुट्टीशी. तीनपैकी दोन ओढी जिंकायच्या. पहिल्या ओढीत शिट्टी वाजताच पुळिंचोडने असा हिसका दिला की आनमुट्टीने पाय रोवायच्या आधीच रस्सी रेषेपार. कर्णे ओरडले. टोजोने आकाशाकडे बोट केलं. तिथे बहुधा इन्सुलिन नव्हतं.

दुसऱ्या ओढीत आनमुट्टीवाले हिसका सोसून खाली बसले. नुसते बसले. टाचा रुतवल्या, पाठी मागे टाकल्या, आणि जेवल्यावर बैल रवंथ करत बसावेत तसे रस्सी धरून राहिले. ते ओढत नव्हतेच. वाट पाहत होते. पुळिंचोडच्या सहांनी एकदा झटका दिला, दुसऱ्यांदा दिला, तिसऱ्यांदा द्यायला गेले, तर द्यायला काही उरलं नव्हतं. पोन्नप्पनच्या टाचा मातीवरून घसरू लागल्या. षुकूरचा चेहरा त्याच्या टोपलीतल्या शिळ्या मासळीसारखा पांढरा पडला. सहाच्या सहा जण रस्सी ओढायची सोडून रस्सीला लटकू लागले. शेवटी एकटा कुंजवरा पाठीवर आडवा पडून आनमुट्टीचे सात आणि आपले सहा, अशा तेरा जणांना धरून होता. त्याच्या खांद्यातून सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. रस्सी गेली.

"हा गेला," टोजो पुटपुटला.

कुंजवराला दोघांनी उचलून बाहेर आणलं. हात लोंबत होता. तो कण्हत नव्हता, शिव्या देत होता, आणि सगळ्या बरोबर पत्त्यावर जात होत्या. "मढी. सहा मढी बांधून दिली होती मला रस्सीला."

इट्टूपने शर्ट काढला. एका प्रार्थनेला इतक्या लवकर उत्तर त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. त्याने रस्सीचं टोक कमरेला गुंडाळलं. पूर्वी एका वेढ्यात बसायचं ते आता सैल पडलं, म्हणून अर्धा वेढा आणखी घातला. पण जागा ती होती. अठरा वर्षांची. पुढे सहा पाठी, समोर गाव, आणि आपण शेवटी. त्याला वाटलं, आता काहीही होवो.

झालं ते असं. शिट्टी वाजली, आनमुट्टीवाले बसले. इट्टूपने टाचा रुतवल्या आणि नेहमीसारखं जमिनीकडे कलून अंगातल्या त्या जुन्या साठ्याला हाक मारली. घरात कोणी नव्हतं. पायांना कळत होतं काय करायचं, हातांनाही कळत होतं, पण मागितलं की येणारी ती ऊब येईना. दंड पेटले आणि लगेच विझले. बोटं एकेक करून आपणहून उघडली, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. रस्सी तळहातांची सालं काढत पुढे गेली आणि तिच्यामागून तोही, गुडघ्यांवर, रेषेपार. सात जणांत हात सगळ्यांत आधी त्याचे सुटले, आणि हे परीक्षकांपासून बोकडापर्यंत सगळ्यांनी पाहिलं.

नंतर तंबूमागे सगळे धुळीत बसले. हात झोळीत अडकवून कुंजवरा दुसऱ्या हाताने परोटा खात होता. पोन्नप्पन त्याच्या ताटाकडे टक लावून पाहत होता.

"उद्यापासून भात," पोन्नप्पन म्हणाला. 

टोजोने इट्टूपला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता. "अळिया, एक सांगू? मला शंका होती. दोहातही वजनं उचलायला गेलो की हात असेच रिकामे व्हायचे. म्हणून मी व्यायामशाळा सोडली, नुसता चालतो. बारीक व्हायला हे चांगलंच आहे. रस्सीला... मला वाटतं आपलं चुकलं. मी सगळ्यांना सांगून टाकतो."

"गप्प बस," इट्टूप म्हणाला.

कारण त्याच्या डोक्यात बेरीज चालू होती. उद्यापासून भात म्हणजे सहा जण पुन्हा फुगणार. फुगले की शेवटच्या जागेला उरतात जेमतेम अडुसष्ट किलो. ती जागा शिबी वेल्डरची. आणि फुगले नाहीत तर ती कुंजवराची, खांदा बरा झाला की. एकीकडून भात, दुसरीकडून कुंजवरा.

तो वळला आणि सोललेले तळहात लुंगीला पुसत सगळ्यांसमोर उभा राहिला.

"हरलो ते आहाराने नाही," तो वर्गातल्या आवाजात म्हणाला. "हरलो ते आहार पुरता पाळला नाही म्हणून. ओणमच्या दिवशी कोणी-कोणी चोरून गोड पायसम प्यायलं, मला माहीत आहे." त्याला माहीत नव्हतं. पण तिघांनी खाली पाहिलं. "एका वाटीने दीड महिन्याची सवय मोडते. विज्ञान आहे हे. पहिली ओढ विसरलात? ती कशावर जिंकलो? अंड्यावर."

टोजो तोंड उघडून मेहुण्याकडे बघत राहिला. आपण कोणाला दीक्षा दिली, हे त्याला आता कळत होतं.

"मी प्यायलो होतो," षुकूर हळूच म्हणाला. "अर्धी वाटी."

"बघा," इट्टूप म्हणाला, आणि षुकूरच्या खांद्यावर क्षमेचा हात ठेवला.

मग तो कुंजवराजवळ जाऊन बसला. अगदी जवळ, आजाऱ्याजवळ बसावं तसा. त्याच्या झोळीतल्या हाताकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, ताटातल्या चौथ्या परोट्याकडे पाहिलं, आणि खोल सुस्कारा सोडला.

"कुंजवरा," तो मऊ आवाजात म्हणाला, "तू शेवटची शुगर कधी तपासलीस रे?"

कुंजवराचा घास तोंडाशी थांबला.